एसडब्ल्यूएफए एसएस ६×४२ : काच ठीक, झिरो पक्का

दुकानात रायफलवर बसवायची दुर्बीण हातात आली की माणूस ती डोळ्याला लावतो आणि समोरच्या भिंतीवरची पाटी वाचून बघतो. अक्षरं कडेपर्यंत स्वच्छ दिसली की सौदा अर्धा झालाच. पण रानात गोळी चुकते ती काच थोडी पिवळट होती म्हणून नव्हे. काचेतली नेमाची फुली गोळीच्या जागेशी जुळवून (झिरो करून) जिथे सोडली होती तिथे उरलेली नसते, म्हणून चुकते. ४०० यार्डांवर अर्धा मिल (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) सरकणं म्हणजे सात इंचांहून जास्त. म्यूल डिअर या अमेरिकी हरणाच्या फुप्फुसांचा भाग आडवा-उभा आठ ते दहा इंचांचा, म्हणजे मधोमध धरलेला नेम थेट पोटात जातो. हे अर्धं मिल दुकानातल्या पाटीवर दिसत नाही.

त्यामुळे टेक्सासच्या एसडब्ल्यूएफए कंपनीच्या या सहा पटीच्या दुर्बिणीचं परीक्षण काचेपासून सुरू करण्यात अर्थ नाही. काच ठीक आहे. संध्याकाळी शिकारीला कायद्याने मुभा असलेल्या शेवटच्या अर्ध्या तासात युरोपातली महागडी काच हिच्यापेक्षा नक्की उजळ दिसते, पण हरिण नर की मादी हे ओळखण्यापुरतं हीही दाखवते. ४२ भागिले ६, म्हणजे डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटरचा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारातही बहुधा एवढी उघडत नाही. म्हणजे पडतो तो प्रकाश डोळ्याला पुरून उरतो, शिवाय डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. धापा टाकत, चढावर, दगडाला टेकून बार टाकायचा असतो तेव्हा या दुसऱ्या गोष्टीची किंमत कळते.

किंमत ३०० ते ४०० डॉलरच्या दरम्यान, नळी ३० मिलिमीटरची, वजन सुमारे ५७० ग्रॅम. वजन ऐकून नाक मुरडणारे खूप आहेत. तेवढ्याच पैशांत ३५०-४०० ग्रॅमची, तीन ते नऊ पट झूमची देखणी दुर्बीण मिळते हे खरं. पण ते वाचलेले जवळपास दोनशे ग्रॅम कुठून कापले, हा प्रश्न विचारावा. नळीची भिंत पातळ केली, आतली स्प्रिंग लहान घेतली, की वजन उतरतं.

आत काय चालतं ते थोडक्यात. बाहेरच्या नळीत आणखी एक लहान नळी असते, तिला इरेक्टर म्हणतात. ती मागच्या टोकाला एका सांध्यावर टेकलेली असते. वरचं आणि बाजूचं टरेट (फुली हलवणारी बाहेरची खुंटी) फिरवलं की त्यांचे स्क्रू या आतल्या नळीला ढकलतात आणि समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला उलटी दाबून धरते. झिरो टिकणं, क्लिक (टरेट फिरण्याचे टप्पे) खरे असणं, परत जागेवर येणं, सगळा कारभार या स्प्रिंगच्या दाबावर आणि त्या सांध्यातल्या ढिलाईवर. स्प्रिंग अशक्त असली की टरेट फिरवूनही आतली नळी तिथेच चिकटून बसते, आणि पुढच्या बारच्या धक्क्याने सुटते. मग पहिली गोळी जुन्या जागी, दुसरी नव्या जागी. जुने लोक क्लिक फिरवल्यावर टरेटवर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने टकटक करायचे ते यासाठीच. ती टकटक गरजेची वाटली तर दुर्बीण बदला.

झूमच्या दुर्बिणीत याच इरेक्टरमध्ये भिंगांचे दोन गट पुढेमागे सरकतात, तिरक्या खाचांमधून. त्या खाचांत थोडी तरी फट ठेवावीच लागते, नाहीतर झूमची कडी फिरणार नाही. स्थिर पटीच्या दुर्बिणीत हा सगळा संसारच नाही. झूम बदलल्यावर गोळीची जागा बदलणं हा प्रकार इथे उद्भवत नाही, आणि रेटिकलचे, म्हणजे फुलीवरच्या खुणांचे, मिल नेहमीच खरे असतात. कुठल्या पटीवर खरे, कुठल्या पटीवर खोटे, असं डोक्यात ठेवावं लागत नाही. पडझड सोसण्यात या दुर्बिणीचं नाव अमेरिकेतल्या शिकारी मंडळींत झालं, त्यामागे हे एक साधं कारण आहे.

टरेट

क्लिक ०.१ मिलचा, एका फेरीत ५ मिल. ६.५ क्रीडमूर या काडतुसाची १४० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर झिरो केली तर ४०० यार्डांसाठी सव्वादोन मिलच्या आसपास चढवावं लागतं. उंचीवर, कोलोराडोत नऊ-दहा हजार फुटांवर, हवा विरळ म्हणून थोडं कमी. म्हणजे शिकारीच्या समंजस अंतरात पहिली फेरीही पुरी होत नाही. ज्याला ५ मिलच्या पुढे चढवावं लागतंय त्याने दुर्बीण सोडून जवळ जाण्याचा विचार करावा.

झिरो-स्टॉप (टरेटला शून्याखाली जाऊ न देणारा अडसर) नाही, आणि ही खरी उणीव आहे. चढवलेलं टरेट उतरवताना घाईत एक फेरी जास्त खाली गेली तर शून्याचा आकडा तसाच समोर येतो आणि गोळी ५ मिल खाली जाते. उपाय म्हणजे झिरो केल्यावर ड्रमच्या (टरेटच्या आकडे असलेल्या भागाच्या) खालच्या कडेशी नळीवरची आडवी रेघ कुठे दिसते ते नीट पाहून ठेवायचं, आणि हवं तर तिथे पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचा. बार टाकायच्या आधी आकडा आणि रेघ, दोन्ही बघायची सवय लावायची.

दोन्ही टरेट उघडे आहेत, टोपी नाही. वरच्याचं चालतं. बाजूचं, वाऱ्यासाठीचं टरेट मात्र पाठीवरच्या पिशवीला, घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानाला, ट्रकच्या सीटला घासून दोन-चार क्लिक फिरू शकतं. शिकारीत वारा बहुतेक लोक रेटिकलवरच धरतात, तेव्हा ते टरेट झिरो केल्यावर इलेक्ट्रिकची काळी टेप दोन वेढे गुंडाळून बंद करून टाकावं. दिसायला भिकार दिसतं, पण फिरत नाही.

ड्रम शून्यावर आणताना होणारी चूक सगळ्यात महाग पडते. ड्रम बाजूच्या बारीक ग्रब स्क्रूंनी आतल्या दांड्यावर धरलेला असतो. झिरो झाल्यावर ते सैल करून ड्रम शून्यावर फिरवायचा आणि पुन्हा कसायचे. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, एकच स्क्रू आधी पुरता आवळला की ड्रम एका बाजूला ओढला जाऊन अर्धा क्लिक सरकतो; म्हणून सगळे आधी नुसते टेकवायचे, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. दोन, ते नीट आवळलेच नाहीत तर ड्रम फिरतो आणि आतला दांडा तिथेच राहतो. बोटाला फिरल्यासारखं वाटतं, आकडे बदलतात, गोळी हलत नाही. ‘टरेट बिघडलं’ म्हणून परत पाठवलेल्या दुर्बिणींत हा प्रकार असू शकतो. ॲलन की बारीक असते, जोर लावला तर कोपरे गोल होतात. चांगल्या प्रतीची की वापरा, पाकिटातली नको.

आकडे खरे की नाही, हे कसं तपासायचं

१०० यार्ड टेपने मोजायचे, रेंजवाल्याच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही. उंच पुठ्ठा उभा करायचा, त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारायची. रेघेच्या तळाशी नेमाचा ठिपका आणि त्याच्या बरोबर ३६ इंच वर आडवी खूण. कारण १०० यार्डांवर १० मिल म्हणजे बरोबर ३६ इंच. ठिपक्यावर नेम धरून शून्यावर पाच गोळ्या, मग १० मिल चढवून त्याच ठिपक्यावर नेम धरून पाच, मग परत शून्यावर पाच. दोन्ही टोकांच्या गटांचा मध्य काढून अंतर मोजायचं. एका गोळीवरून किंवा तीन गोळ्यांच्या गोंडस गटावरून काही ठरवू नका. तीन गोळ्या नशिबानेही एकत्र पडतात. झिरो ठरवायचा तर दहा गोळ्यांच्या गटाचा मध्य धरावा.

इथे एक मत नोंदवतो, कारण यावर लोक उगाच भांडतात. ३६ इंचांऐवजी ३५.६ आले, म्हणजे साधारण एक टक्का कमी, तर शिकारीत त्याने काही बिघडत नाही. ३ मिल चढवताना ०.०३ मिलचा फरक, तो तुमच्या श्वासातच हरवेल. पण शेवटचा गट पहिल्या गटावर परत आला नाही तर मात्र ती दुर्बीण ठेवू नका. मोजपट्टी जरा लहान असली तर हिशेब जुळवता येतो, पण जी दर वेळी वेगळं मोजते तिचं करायचं काय?

वरच्या गटाचा मध्य उभ्या रेघेच्या डावी-उजवीकडे गेला असेल तर बहुधा रेटिकल तिरकं बसलंय. ३ अंश तिरकं असेल तर ५ मिल चढवताना पाव मिल बाजूला जातं. ५०० यार्डांवर तेवढ्यानेच साडेचार इंचांहून जास्त फरक पडतो. हा दोष बहुधा दुर्बीण बसवणाऱ्याचा किंवा रायफल तिरकी धरणाऱ्याचा.

पडण्याची चाचणीही करता येते, आणि विकत घेतल्यावर परत करायच्या मुदतीत केलेली बरी. रायफल रिकामी, बोल्ट (काडतूस आत बंद करणारा सरकता दांडा) काढलेला, दोनदा तपासलेला. जमिनीवर जाड चटई. कमरेच्या निम्म्या उंचीवरून, साधारण दीड फुटावरून, आधी डाव्या अंगावर, मग उजव्या, मग दुर्बिणीवर. प्रत्येक वेळी बोल्ट घालून एक गोळी त्याच ठिपक्यावर. मग तेच तीन फुटांवरून. क्रूर वाटतं. पण ओल्या दगडावरून पाय घसरला की रायफल यापेक्षा वाईट पडते, आणि खाली चटई नसते. एसएस ६×४२ नीट बसवलेली असेल तर यातून झिरो न सोडता निघते, अशी तिची ख्याती आहे, आणि तिची खरेदी करायचं मुख्य कारण तेवढंच.

‘नीट बसवलेली असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे, कारण बदनाम दुर्बिणीखाली पाहावं तर बऱ्याचदा सैल माउंट (दुर्बीण रायफलवर धरणारी बैठक) सापडतो.

माउंट, जिथे खरी भानगड असते

झिरो हलला की संशयाचा क्रम खालून वर असा ठेवा. आधी दस्त्याला रिसीव्हर (ज्यात बोल्ट चालतो तो रायफलचा मधला भाग) धरून ठेवणारे ॲक्शन स्क्रू. मग रिसीव्हरवरचा बेस किंवा रेल, म्हणजे दुर्बिणीखालची पट्टी. मग रेलवर रिंग (दुर्बिणीला वेढणारी कडी) धरणारे आडवे नट. मग रिंगच्या टोप्या. सायलेन्सर असेल तर तो सैल झालाय का. गोळ्यांचा लॉट बदललाय का. हे सगळं झाल्यावर दुसरी, खात्रीची दुर्बीण बसवून बघा. त्यानंतरच दुर्बिणीला नावं ठेवा.

रेल बसवताना आधी रिसीव्हरच्या भोकांतलं आणि स्क्रूंवरचं तेल ॲसिटोनने पुरतं काढा. कारखान्यातून येणारं गंजरोधक तेल तिथे हमखास असतं आणि ते राहिलं की चिकटद्रव धरत नाही. मग रेल कोरडी ठेवून एकाच टोकाचे स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाखाली फट दिसते का बघा. कागदाची पट्टी सरकत असेल तर रिसीव्हर आणि रेल जुळत नाहीत. तशीच आवळली तर रेल वाकते, वाकलेल्या रेलवर रिंगा एका ओळीत राहत नाहीत, आणि त्या दुर्बिणीच्या नळीला पीळ देतात. अशा वेळी त्या टोकाखाली इपॉक्सीचा पातळ थर देऊन, रिसीव्हरला मेण लावून, जोर न देता वाळू द्यायचं.

सगळ्यात पुढचा स्क्रू किंचित लांब असला तर तो भोकातून खाली उतरून बंदुकीच्या नळीच्या (बॅरलच्या) आट्यांवर किंवा बोल्टच्या कानावर टेकतो. पाना ‘टक’ करतो, टॉर्क (पिळण्याचा ठरलेला जोर) भरला असं वाटतं, आणि रेल मात्र सैलच. रेल बसवल्यावर बोल्ट चालवून बघा; जड लागला तर तो स्क्रू काढून अर्धा आटा घासा.

टॉर्क पान्याशिवाय हे काम करू नये. हाताचा अंदाज हा पोळीच्या पिठाला ठीक. रेलचे ६-४८ आट्यांचे स्क्रू २० इंच-पौंडांच्या आसपास, ८-४० चे २५ च्या आसपास, त्यावर निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकटद्रव). रेलवरचे रिंगचे नट पोलादी असतील तर ६५. रिंगच्या टोप्या १५ ते १८, आणि तिथे लॉकटाइट नाही. कारण ओलं लॉकटाइट तेलासारखं काम करतं. पाना १८ दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात पकड त्याहून जास्त बसलेली असते आणि ३० मिलिमीटरची नळी चेपते. चेपलेल्या नळीत इरेक्टर अडकतो, क्लिक घोगरे लागतात. रिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. ॲल्युमिनियमच्या हलक्या, एकसंध रिंगांचे आकडे पोलादीपेक्षा कमी असतात.

रेलच्या खाचेत रिंगचा आडवा दांडा बसतो, त्याला मागेपुढे जरा जागा उरते. नट आवळण्याआधी रिंग बंदुकीच्या नळीच्या तोंडाकडे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा. बार उडाला की रायफल मागे धावते आणि जड दुर्बीण जागच्या जागी राहू बघते, म्हणजे रायफलच्या हिशेबाने ती पुढे सरकते. ती जागा आधीच बंद नसेल तर धक्क्यागणिक सरकते. ५७० ग्रॅमच्या दुर्बिणीला हे जास्त लागू. वजन झिरो टिकवतं, तसंच माउंटवर ओढही टाकतं. म्हणून या दुर्बिणीखाली जुन्या पद्धतीचा बेस, ज्यात पुढची रिंग डोव्हटेलमध्ये फिरवून बसवतात आणि मागची दोन आडव्या स्क्रूंत धरतात, तो घालू नये. आजोबांच्या काळच्या हलक्या दुर्बिणींना तो चालून गेला. मागचे ते दोन स्क्रू सैल झाले की मागचं टोक बाजूला हलतं, आणि दोष दुर्बिणीच्या माथी जातो.

खालच्या रिंगांत दुर्बीण नुसती ठेवल्यावर ती स्वतःच्या वजनाने बसली पाहिजे. दाबून बसवावी लागत असेल तर रिंगा एका ओळीत नाहीत. टरेटच्या जाड भागापासून रिंग थोडी दूर ठेवा. मग टोप्यांचे स्क्रू समोरासमोरच्या तिरक्या क्रमाने आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राखत. शेवटचे दोन-तीन इंच-पौंड भरताना नळी हमखास किंचित फिरते आणि सरळ केलेली फुली कलते. म्हणून सरळपणा बघायचा तो सगळं आवळून झाल्यावर: रेलवर पाणपातळी ठेवून रायफल सपाट करायची, पंचवीस-तीस मीटरवर ओळंबा टांगायचा आणि फुलीची उभी रेघ दोरीवर चढते का बघायचं. चढली नाही तर पुन्हा सैल करा. कंटाळवाणं आहे, पण वर्षानुवर्षांत एकदाच करायचंय.

सगळं झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. सैल झालेला स्क्रू रेघ तुटलेली दिसताच कळतो. पाना लावून तपासण्याच्या नादात तो आणखी कसला जात नाही.

कोणी घेऊ नये

दाट झाडीत, तीस पावलांवर उठणाऱ्या एल्कसाठी (अमेरिकेतल्या मोठ्या हरणासाठी) ही नाही. सहा पटीत एवढ्या जवळ नुसती तपकिरी केसांची भिंत दिसते, खांदा कुठला ते कळेपर्यंत जनावर गेलेलं असतं. तिथे दीड-दोन पटीवर उतरणारी झूम दुर्बीणच हवी. प्रकाशित रेटिकलही नाही. काळोख्या झाडाच्या पार्श्वभूमीवर मधल्या बारीक रेघा संध्याकाळी हरवतात. हलकी डोंगरी रायफल घेऊन प्रत्येक ग्रॅम मोजणाऱ्याला ती जड वाटेल, आणि त्याचं ते चूक नाही.

थंडीबद्दल एक. दिवसभर उणे तापमानात फिरलेली रायफल रात्री गरम तंबूत आणू नका. बाहेरच्या काचेवर वाफ धरते, सकाळी बाहेर नेली की तिचा बर्फ होतो, आणि दुर्बीण ‘आतून धुकली’ असा बोभाटा होतो. कुलूपबंद पेटीत बाहेरच राहू द्या. धुकं खरंच आत असेल, पुसूनही जात नसेल, तर सील गेलं. मग ती कंपनीकडे.

भारतातल्या वाचकांसाठी या सगळ्यातलं शिकारीचं अंग लागू नाही; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय मिटवला आहे. पण पुण्या-मुंबईत .१७७ ची स्प्रिंगची एअर रायफल बाळगणाऱ्यांना माउंटचा भाग शब्दशः लागू पडतो, उलट जास्तच. स्प्रिंगच्या एअर रायफलला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे, आणि पिस्टन टोकाला आपटताना पुढे. बंदुकीसाठी बनवलेल्या बऱ्याच दुर्बिणी एकाच दिशेचा धक्का धरून बांधलेल्या असतात, म्हणून मोठ्या काडतुसाच्या रायफलवर टिकलेली दुर्बीण एअर रायफलवर खिळखिळी होते. तिथे ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेली, १० मीटरपर्यंत पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली सरकल्यासारखी वाटण्याचा दोष) घालवता येणारी दुर्बीण घ्यावी, आणि माउंट मागे सरकू नये म्हणून स्टॉप-पिन असलेला. अमेरिकेतल्या भावाकडून हीच एसएस मागवावी असं मनात येईल, तर रायफलच्या दुर्बिणी तिथल्या निर्यात नियंत्रणाखाली येतात. तिकडे जाताना बाकरवडी जरूर न्यावी, इकडे येताना सूटकेसमध्ये दुर्बीण घालू नये.

साठा येतो-जातो, महिनोन्महिने मिळत नाही असंही होतं. वापरलेली मिळाली तर रिंगांच्या जागी नळीवर खोल वळ आहेत का बघा, दोन्ही टरेट टोकापासून टोकापर्यंत फिरवून कुठे क्लिक जड किंवा मुके लागतात का ते बोटांनी तपासा, आणि ग्रब स्क्रूंचे कोपरे शाबूत आहेत ना ते भिंगाखाली पाहूनच पैसे मोजा.